हरणाच्या मोसमाआधी: स्लगच्या बंदुकीचा नेम आणि त्याचा खरा खर्च

न्यू जर्सीत बंदुकीने हरणाची शिकार करायची तर शॉटगन किंवा तोंडाकडून भरायची मझललोडर, एवढेच दोन पर्याय आहेत. नेहमीची मोठी रायफल चालत नाही. म्हणून दुकानदार तुमच्यापुढे आट्यांच्या नळीची बारा बोअर ठेवतो आणि सांगतो, 'शंभर यार्डांवर रायफलसारखी चालते.' चालतेही. पण तीच बंदूक पहिल्या शनिवारी दोन इंचांत तीन गोळ्या लावते आणि पुढच्या शनिवारी आठ इंचांत. मग तुम्ही स्कोपला दोष देता, चारशे डॉलरचा नवा घेता आणि आठ इंच तसेच राहतात.

पैसे कुठे घालायचे याचा क्रम आधीच सांगतो: काडतुसं, नळीचा सांधा, ट्रिगर, आणि सगळ्यात शेवटी स्कोप. दुकानात तुम्हाला नेमका उलटा क्रम ऐकवला जाईल.

एकूण खर्च १,२०० ते १,९०० डॉलर धरा. खाली दिलेल्या किमती अंदाजे आहेत, दुकानागणिक बदलतील. सरकारी फी भरण्यापूर्वी त्या त्या खात्याच्या पानावर पुन्हा बघा.

तुमचा व्हिसा कोणता?

हा प्रश्न दुकानात शिरण्याआधीचा आहे. अमेरिकन नागरिक असाल तर पुढच्या भागावर जा. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते; खरेदीच्या वेळच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर तुमचा 'ए' नंबर लिहावा लागतो, कार्ड बरोबर ठेवा.

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा कोणत्याही बिगर-स्थलांतरित व्हिसावर आला असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे. 'जवळ बाळगणं' यात मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणंही येतं, आणि तासाच्या भाड्याने घेतलेली बंदूकही. काउंटरवरच्या माणसाने विचारलं नाही म्हणजे चालतं असं नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत असू शकते आणि देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका वेगळा.

या बंदीला काही मोजके अपवाद आहेत. तुमच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा, मुदत न संपलेला शिकार परवाना. म्हणून तुमच्यासाठी क्रम असा: आधी प्रशिक्षण, मग शिकार परवाना, मग बाकी सगळं. आणि इथेच खड्डा आहे. न्यू जर्सीचा परवाना कॅलेंडर वर्षाचा असतो, ३१ डिसेंबरला संपतो. १ जानेवारीला बंदूक कपाटात आणि नवा परवाना हातात नाही, तर तुमच्याकडचा अपवादही संपला. मोसम झाला म्हणून नूतनीकरण पुढे ढकलू नका.

आय-४८५ प्रलंबित आहे, ईएडी मिळालंय, अॅडव्हान्स पॅरोलवर आत आलात, अशी गुंतागुंत असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा फी देऊन लेखी मत घ्या. या सगळ्या खर्चातली ती सगळ्यात स्वस्त रक्कम ठरेल. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावरचा सल्ला इथे कामाचा नाही.

आणखी एक: ४४७३ च्या फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो. न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो, पण फॉर्म केंद्रीय कायद्याचा आहे; राज्यात चालत असला तरी केंद्रीय कायद्याने गांजा बेकायदाच, हे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा.

कागदपत्रं, फी, वेळ

शॉटगन विकत घ्यायला न्यू जर्सीत 'फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड' लागतं. सगळे त्याला एफआयडी म्हणतात. अर्ज ऑनलाइन, राज्य पोलिसांच्या पोर्टलवर; तपासणी तुमच्या गावचं पोलीस खातं करतं. फी ५० डॉलर. बोटांचे ठसे वेगळे, ५० ते ७० डॉलर. दोन संदर्भ-व्यक्ती द्याव्या लागतात, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती द्यावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण गेल्या चार वर्षांत झाल्याचा दाखलाही हवा. कार्ड दहा वर्षांचं.

कायद्यात तीस दिवस लिहिले आहेत. काही गावांत तेवढेच लागतात, काही गावांत महिने जातात. संदर्भ-व्यक्तींना आधी फोन करून सांगा की पोलिसांकडून ईमेल येईल. तो स्पॅममध्ये पडून राहणं हे उशिराचं सगळ्यात नेहमीचं कारण. एजंट लावून काही लवकर होत नाही. 'लवकर करून देतो' म्हणून शंभर-दोनशे डॉलर मागणाऱ्याकडे वळू नका, तो तोच ऑनलाइन अर्ज भरतो.

शिकार परवान्यासाठी राज्याचं हंटर एज्युकेशन पूर्ण करा. त्यात धनुष्य, शॉटगन, रायफल असे वेगळे भाग आहेत. तुम्हाला शॉटगनचा हवा. प्रत्यक्ष सत्राच्या जागा उन्हाळ्यात भरतात. रहिवाशाचा बंदुकीचा परवाना २७.५० डॉलर. डिसेंबरचा सहा दिवसांचा मोसम त्यात येतो. पुढचा परमिट शॉटगन मोसम हवा असेल तर विभागवार परमिट, प्रत्येकी २८ डॉलर.

थोडक्यात कागदांवर १६० ते १८० डॉलर आणि तीन-चार महिने. डिसेंबरसाठी एप्रिल-मेमध्ये सुरुवात करा.

कोणती बंदूक

दोन सरळ पर्याय आहेत. पहिला, पंप-अॅक्शनचा जोडसंच: एका बंदुकीला दोन नळ्या, एक गुळगुळीत छर्‍यांसाठी, एक आट्यांची स्लगसाठी, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसासाठी. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० या यातल्या घरोघरीच्या. नवा संच ४५० ते ६०० डॉलर. जुनी पंप २५० ते ३५० ला मिळते, तिला आट्यांची नळी वेगळी घेतली तर २०० ते ३०० आणखी. म्हणजे 'जुनी स्वस्त' हा हिशेब बऱ्याचदा नव्या संचाएवढाच येऊन थांबतो.

दुसरा, फक्त स्लगसाठीच बनवलेली बोल्ट-अॅक्शन. सॅव्हेज २२० ही वीस बोअरची, सॅव्हेज २१२ ही बारा बोअरची. ६५० ते ८०० डॉलर. नळी रिसीव्हरमध्ये पक्की बसवलेली, ट्रिगर कारखान्यातूनच हलका करता येण्यासारखा. पंपात जे दोष पुढे पैसे घालून दुरुस्त करावे लागतात, ते इथे मुळातच नाहीत.

माझं मत विचाराल तर हरणाखेरीज दुसरं काही मारायचं नसेल तर वीस बोअरची बोल्ट. बारा बोअरचा आग्रह धरू नका. न्यू जर्सीच्या दाट झाडीत शंभर यार्डांपलीकडची संधी क्वचितच येते आणि त्या अंतरावर वीस बोअरचा सेबो स्लग (आट्यांच्या नळीचा, त्याबद्दल पुढे) हरणाला पुरून उरतो. धक्का कमी, म्हणून सराव जास्त होतो, म्हणून नेम टिकतो. सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर पिस्तूल-ग्रिप किंवा घडीचा दस्ता असलेली दुसऱ्या राज्यातून आणू नका; इथल्या कायद्यात ती बंदी असलेल्या शस्त्रांत मोडू शकते.

बिलावर काय वाढतं: ६.६२५ टक्के विक्रीकर, पार्श्वभूमी तपासणीची फी, आणि ऑनलाइन घेतलेली बंदूक स्थानिक डीलरकडे मागवली तर त्याचे ३० ते ७५ डॉलर. ऑनलाइनची साठ डॉलरची सूट इथे विरून जाते. ऑर्डर देण्याआधी डीलरला फोन करा.

आणि तुम्ही ओहायो, आयोवा किंवा इलिनॉयमध्ये असाल तर थांबा. ओहायोने २०१४ पासून, आयोवाने २०१७ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना हरणासाठी परवानगी दिली. इलिनॉयने २०२३ पासून एकबारी रायफलींना. अशा रायफलीचं .३५० लेजंड काडतूस सव्वा-दीड डॉलरला पडतं, सेबो स्लग चार डॉलरला. तिथे नवी स्लगची बंदूक घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

काडतुसं: खरे पैसे इथे घाला

खोक्यावर ठळक अक्षरांत 'रायफल्ड स्लग' लिहिलेलं असतं. ते आट्यांच्या नळीसाठी नाही. त्या शिशाच्या गोळीच्याच अंगावर चर असतात, आणि ती गुळगुळीत नळीसाठी आहे. आट्यांच्या नळीसाठी हवा तो 'सेबो स्लग': लहान व्यासाची गोळी प्लास्टिकच्या वेष्टनात बसवलेली, आटे त्या वेष्टनाला पकडून फिरवतात आणि नळीबाहेर वेष्टन गळून पडतं. शिशाचा रायफल्ड स्लग आट्यांत मारला तर बंदूक फुटत नाही, पण आट्यांत शिसं बसतं आणि नेम बिघडतो. उलट, सेबो गुळगुळीत नळीतून मारला तर तो फिरतच नाही. चार डॉलर वाया आणि गोळी कुठेही.

पाचच्या खोक्याची किंमत: शिशाचे ६ ते १० डॉलर, सेबो १५ ते २५. ही दरी बघून पुष्कळ जण सराव स्वस्त काडतुसांवर करतात आणि शिकारीला महागडी नेतात. हा शॉर्टकट नाही, तोटा आहे. दोन्ही वेगळ्या जागी लागतात, कधी सहा-सात इंच वेगळ्या. ज्याने शिकार करायची त्यानेच नेम बसवायचा.

कोणतं काडतूस तुमच्या नळीला मानवेल हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांच्या आवडी वेगळ्या निघतात, कारण नळीचा नेमका व्यास, आट्यांचा पीळ आणि वेष्टनाचं प्लास्टिक यांचं जमलं पाहिजे. पिळाचा अंदाज मात्र घेता येतो: सॅव्हेज २२० मध्ये २४ इंचांत एक फेरा, २१२ मध्ये ३५ इंचांत एक. मंद पिळाच्या जुन्या नळ्यांना जड आणि मंद गोळ्या बऱ्या, वेगवान पिळाच्या नळ्यांना हलक्या आणि जलद. हा कल आहे, नियम नव्हे.

म्हणून पहिली खरेदी अशी: चार-पाच वेगवेगळ्या सेबोंचं एकेक खोकं. हॉर्नडी एसएसटी, रेमिंग्टन अॅक्युटिप, विंचेस्टर, फेडरल, लाइटफील्ड, जे मिळेल ते. ८० ते ११० डॉलर जातील. पाचांतलं पहिलं नळी 'मळवायला', पुढची तीन मोजायला, उरलेलं एक शंका आली तर. पावणेतीन इंची काडतूस असेल तर त्यापासून सुरू करा. तीन इंची 'मॅग्नम' खांदा जास्त फोडतं, आणि छिद्रांचा पुंजका लहान येईलच असं नाही.

एक खोकं जिंकलं की लगेच दुकानात परत जा आणि त्याच लॉट नंबरची सात-आठ खोकी उचला. लॉट नंबर खोक्याच्या झडपेवर छापलेला असतो. वेगळा लॉट म्हणजे कधी कधी वेगळंच काडतूस. १४० ते २०० डॉलर एकदम जातात, टोचतात, पण दोन-तीन वर्षं प्रश्न मिटतो. हे ऑगस्टमध्ये करा. नोव्हेंबरात तुमचाच ब्रँड फळीवरून गेलेला असतो आणि दुकानदार 'हेही तसंच आहे' म्हणून दुसरं देतो. तसंच नसतं. ऑनलाइन मागवलंत तर न्यू जर्सीला पाठवताना काही विक्रेते एफआयडीची प्रत मागतात आणि वजनामुळे पाठवणी महाग पडते. पाच खोक्यांखाली मागवण्यात फायदा नाही.

नळीचा सांधा

पंप बंदुकीची नळी काढता-घालता येते, ही तिची सोय. आणि नेम बिघडण्याचं मूळही तेच. नळी रिसीव्हरमध्ये सरकून बसते आणि पुढे मॅगझीनच्या टोपीने आवळली जाते. टोपी आज घट्ट, उद्या सैल, की गोळी वेगळ्या जागी.

फुकटचा उपाय आधी करा. टोपी हाताने पूर्ण आवळा, टोपी आणि नळीच्या कड्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. प्रत्येक वेळी रेघेला रेघ मिळाली पाहिजे. नेम बसवल्यापासून मोसम संपेपर्यंत नळी काढू नका. साफसफाई नळी न काढता करा.

तरीही पुंजका पसरत असेल तर गनस्मिथकडून नळी पिनने किंवा स्क्रूने रिसीव्हरला पक्की करून घेता येते. ५० ते १०० डॉलर. फरक पडतो. पण मग दोन नळ्यांचा संच घेतल्याचा फायदा गेला, आणि कारखान्याची हमीही बहुधा गेली. लेखी विचारून घ्या.

ट्रिगर, मग स्कोप

पंपाचा ट्रिगर कारखान्यातून सहा ते आठ पौंडांचा येतो. बंदूकच सात पौंडांची. एवढा ओढताना नळी हलणारच. स्प्रिंग बदलून घ्यायला २० ते ३० डॉलरचा सुटा भाग, गनस्मिथने नीट बसवून दिला तर ८० ते १५०. यूट्यूब बघून आतला भाग कानशीने घासू नका. हलका ट्रिगर आणि झिजलेला खटका, म्हणजे बंदूक आपटली की बार होऊ शकतो.

स्कोप १०० ते २०० डॉलरचा पुरे, पण शॉटगनचा धक्का सोसणारा असल्याचं खोक्यावर लिहिलेलं हवं. डोळा आणि काच यांत साडेतीन ते चार इंच अंतर ठेवता आलं पाहिजे, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटतो. .२२ च्या रायफलीचा पडून असलेला स्कोप लावायचा मोह होईल. तो थोड्याच दिवसांत आतून सुटतो आणि सुटल्याचं कळत नाही.

स्कोप बसतो कुठे, हे स्कोपपेक्षा महत्त्वाचं. पंपात तो रिसीव्हरवर असेल तर नळी हलते आणि स्कोप हलत नाही. नळीलाच जोडलेला, मागे रिसीव्हरवर येणारा 'कँटिलिव्हर' माउंट घ्या. दोन्ही मिळून हलतात. नळी विकत घेतानाच कँटिलिव्हरची घ्या, नंतर बसवायला जास्त पडतं. बोल्ट बंदुकीत हा प्रश्न नाही.

रिंगचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पौंडांवर आवळतात; नेमका आकडा रिंगच्या कागदावर असतो. दुकानात 'फुकट बसवून देतो' म्हणतात आणि हाताच्या अंदाजाने पिरगाळतात. ४० ते ६० डॉलरचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या, दोघा-तिघांत मिळून घेतलात तरी चालेल. बेसच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर. लाल लावलंत तर उघडताना गनस्मिथचं बिल.

रेंजवर

आधी फोन. विचारा: स्लग चालतात का, अंतर किती, तासाचे किती, बाहेरची काडतुसं आणू देता का. पुष्कळ बंदिस्त रेंजवर स्लगला मनाई असते. खासगी रेंज ताशी २५ ते ४० डॉलर. वर टार्गेटचे, मागच्या पुठ्ठ्याचे आणि काही ठिकाणी पहिल्या भेटीच्या सुरक्षा-वर्गाचे वेगळे. राज्याच्या वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रांतल्या रेंज शिकार परवान्यावर वापरता येतात, त्यांच्याहून स्वस्त काही नाही. मात्र प्रत्येकीचे नियम आणि वेळा वेगळ्या, निघण्याआधी बघा.

गाडीत बंदूक रिकामी आणि बंद केलेल्या केसमध्ये, नाहीतर डिकीत कुलूपबंद. रेंज ते घर, घर ते रेंज. वाटेत एडिसनला भाजी घ्यायला थांबू नका.

पहिला बार २५ यार्डांवर करा, म्हणजे निदान कागदावर लागेल. मग ५०, मग १००. बहुतेक स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. पन्नासवर तेवढीच दुरुस्ती करायला दुप्पट क्लिक लागतात. एका गोळीवर कधीही क्लिक फिरवू नका. तीन मारा, मध्य काढा, मग फिरवा.

पुढे आणि मागे वाळूची पिशवी. पिशवीवर बंदुकीचं लाकूड टेकवा, नळी नाही. पुढचा हात पिशवीखाली आरामात सोडण्याची रायफलवाल्यांची सवय इथे चालत नाही. स्लग सावकाश चालतो, तो नळीतून बाहेर पडेपर्यंत बंदूक धक्क्याने उचलली जात असते. पकड सैल तर गोळी एका जागी, घट्ट तर दुसऱ्या. पुढचं लाकूड हातात धरा, दस्ता खांद्यात ओढून घ्या, आणि प्रत्येक वेळी तेवढंच ओढा. 'काल जमलं, आज का नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

धक्का शोषणारी लोखंडी चौकट, लेड स्लेड, १२० ते २०० डॉलरला मिळते. काडतुसांची निवड करताना उपयोगी आहे. पण तिच्यावर खूप वजन लादलं तर सगळा धक्का दस्ता आणि स्कोप खातात. लाकडी दस्ते तडकतात. शिवाय चौकटीवर बसवलेला नेम खांद्यावरून मारताना सरकतो. शेवटचा नेम खांद्यावरूनच तपासा.

दोन बारांमध्ये नळी गार होऊ द्या. हात लावून कोमट लागली तरी थांबा. तासाला दहा-बारा बारांपेक्षा जास्त करू नका. त्यापुढे नळी तापते, खांदा ठणकतो आणि तुम्ही बार होण्याआधीच डोळे मिटायला लागता. ही खोड तपासायला १५ डॉलरची नकली काडतुसं घ्या आणि मित्राला ती खऱ्यांत मिसळून भरायला सांगा. नकलीवर 'टक्' झाल्यावर नळी खाली गोता खात असेल, तर दोष बंदुकीचा नाही. कानांत बोळे आणि वरून मफ, दोन्ही. ३० डॉलर.

वारा असेल त्या दिवशी क्लिक फिरवू नका. ताशी दहा मैलांचा आडवा वारा शंभर यार्डांवर सेबोला अडीच-तीन इंच ढकलतो, शिशाच्या स्लगला त्याहून बराच जास्त.

कुठे समाधान मानायचं? बोल्ट बंदुकीचा शंभर यार्डांवर दोन इंचांचा पुंजका उत्तम, पंपाचा तीन ते चार इंचांचा चांगला. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा आठ इंचांची धरतात. चार इंच येत असतील तर आणखी पैसे घालू नका. गुळगुळीत नळी आणि शिशाचा स्लग असेल तर पन्नास यार्डांवर नेम बसवा आणि पंच्याहत्तरपलीकडे मारू नका. शंभरवर ती गोळी चार-पाच इंच खाली येते. शंभरवर नेम बसवलेला सेबो दीडशेवर चार ते सहा इंच खाली जातो. हे आकडे दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

निघण्याआधी एक गोष्ट वेगळी टिपा: गार नळीतून सुटलेली पहिली गोळी. रानात तुम्हाला बहुधा तीच मिळणार आहे. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी फक्त पहिली गोळी एकाच कागदावर मारा. नोव्हेंबरच्या थंडीत एकदा नक्की करा, थंडीने वेष्टनाचं प्लास्टिक कडक होतं आणि नेम सरकू शकतो.

सफाई सोपी. सेबोचं प्लास्टिक आट्यांत साचतं. दहा-पंधरा बारांनी ब्रश आणि प्लास्टिक काढणारं द्रावण. सगळं मिळून ३० ते ४० डॉलर. साफ केलेल्या नळीची पहिली गोळी इकडेतिकडे जाते, म्हणून शिकारीच्या आदल्या दिवशी चकचकीत करू नका.

रानात उतरताना

स्लग वापरायचा तर बंदुकीवर जुळवता येणारी नेमकाठी किंवा स्कोप असणं न्यू जर्सीत सक्तीचं आहे. नुसता छर्‍यांचा मणी चालत नाही. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. पंपात त्यासाठी लाकडी खुंटी येते, ती काढून टाकलेली नाही ना बघा. अंगावर किमान २०० चौरस इंच झळाळता नारिंगी रंग. इमारतीपासून ४५० फुटांच्या आत नाही. जागा खासगी असेल तर परवानगी, लेखी असेल तर उत्तम.

घरात लहान मुलं असतील तर कुलपाचं लोखंडी कपाट, १५० ते २०० डॉलर. काडतुसं वेगळ्या कुलपात. हा खर्च वरच्या बेरजेत मी धरलेला नाही, कारण तो ऐच्छिक समजला जातो. तुम्ही धरा.

भारतात परत जाताना

बंदूक बरोबर नेण्याचा विचार सोडा. परवानाधारक डीलरला विका. तो सरळ विकत घेतो तेव्हा बाजारभावाच्या निम्मं-साठ टक्के देतो, विक्रीला ठेवून घेतो तेव्हा पंधरा ते पंचवीस टक्के कापतो. मित्राला परस्पर देऊ नका, त्याच्याकडेही एफआयडी असली तरी व्यवहार डीलरमार्फतच करा आणि पावती जपून ठेवा. निघण्याआधी दोन महिने धरा.

आणि मुंबईचं विमान पकडण्यापूर्वी शिकारीचं जॅकेट, पाठपिशवी, रेंजवर वापरलेली मुलांची जुनी शाळेची बॅग, सगळ्यांचे सगळे खिसे उलटे करून बघा. विसरलेलं एक काडतूससुद्धा विमानतळावर सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ते सोडवायला लागणारा वकील या यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा महाग आहे.